बीटल्सची कच्ची वही

शाळकरी मुलाच्या दप्तरात पूर्वापार दोन वह्या असतात. कच्च्या वहीत तो गणित मांडतो, चुकतो, खोडतो, पुन्हा मांडतो. पक्क्या वहीत उतरते ते अखेरचे उत्तर आणि तेथवर नेणाऱ्या नीटस पायऱ्या. वर्ष सरले की पक्की वही कपाटात जाते व कच्ची रद्दीत. कलावंतांच्या बाबतीतही दीर्घकाळ हाच रिवाज होता. परंतु गेल्या तीस वर्षांत पाश्चात्य लोकप्रिय संगीताच्या व्यापाराने हा क्रम उलटा केला आहे. पक्की वही घरोघरी पोहोचलेली असल्यामुळे आता कच्ची वहीच जाड पुठ्ठ्याच्या देखण्या पेटीत घालून चढ्या किमतीस विकली जाते, आणि ती घेणाऱ्यांचीही उणीव भासत नाही.

या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लिव्हरपूलचे बीटल्स. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा हा रॉक वाद्यवृंद १९७० साली मोडला. १९८० च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे लेननची हत्या झाली. २००१ साली हॅरिसन निवर्तला. तरीही बीटल्सचे 'नवे' संगीत निघतच राहिले. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत 'अँथॉलॉजी' या नावाने तीन दुहेरी संच निघाले. २०१७ साली 'सार्जंट पेपर' या गाजलेल्या तबकडीला पन्नास वर्षे झाल्याचे निमित्त साधून तिची भली मोठी पेटी निघाली. पुढे २०१८ साली पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी संचाची, २०१९ साली 'ॲबी रोड'ची, २०२१ साली 'लेट इट बी'ची आणि २०२२ साली 'रिव्हॉल्व्हर'ची. २०२५ साली 'अँथॉलॉजी'चा चौथा भागही आला. अवघ्या आठ वर्षांत ज्यांची सारी कारकीर्द आटोपली, त्यांच्यापाशी एवढे शिल्लक राहिले कोठून?

याचे उत्तर ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत आहे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमधील ॲबी रोडच्या स्टुडिओत या मंडळींनी एका दिवसात दहा गीते मुद्रित केली. लेननला सर्दी झाली होती, घसा बसत चालला होता, आणि सर्वांत ओरडून म्हणावयाचे गीत मुद्दाम शेवटास ठेवले होते. अशा दिवशी शिल्लक राहणार ती किती? चार वर्षांनी मात्र चित्र पालटले. रंगमंचावरील जाहीर कार्यक्रम बीटल्सनी १९६६ मध्येच सोडून दिले होते आणि 'सार्जंट पेपर'साठी ते सुमारे पाच महिने स्टुडिओत बसून होते. एकेक गीत दहादा, वीसदा आरंभापासून वाजवून पाहिले जाई. अशा प्रत्येक प्रयत्नास 'टेक' म्हणतात. त्यांतला एक निवडला जाई. उरलेल्यांच्या फिती क्रमांक घालून कपाटात ठेवल्या जात. आजच्या पेट्या भरतात त्या याच कपाटातून.

या फितींना केवळ कुतूहलाचे मोल आहे, असे समजण्याचे कारण नाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गीताचेच पाहा. १९६६ च्या अखेरीस ते प्रथम हळुवारपणे मुद्रित झाले. लेननचे समाधान झाले नाही, म्हणून कर्णे आणि चेलो घेऊन ते अधिक वेगाने पुन्हा वाजविण्यात आले. त्यात हॅरिसनने आपले भारतीय स्वरमंडळही छेडले. मग लेननला पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट आवडला. दोहोंची पट्टी वेगळी, लयही वेगळी, ही अडचण निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्याच्या कानावर घातली. ती सोडविण्याचे काम त्याने मार्टिन यांच्यावरच सोपविले. फीत सावकाश फिरविली की लय मंदावते आणि स्वरही उतरतो. सुदैवाने जे ध्वनिमुद्रण द्रुत होते तेच चढ्या स्वराचे होते. फितींच्या गतीत थोडा फेरफार करताच दोन्ही तुकडे एकमेकांत बसले, आणि गीताच्या साधारण पहिल्या मिनिटाशी तो सांधा आला. २०१७ च्या पेटीत सातवा टेक व सव्विसावा टेक, असे हे दोन्ही मूळ प्रयत्न ऐकावयास मिळतात. ते ऐकल्यावर पक्के गीत पुन्हा लावले म्हणजे पन्नास वर्षे ऐकत आलेल्या माणसालाही तो सांधा हटकून ऐकू येतो. गीत मात्र त्यामुळे उणे होत नाही.

'रिव्हॉल्व्हर'च्या पेटीने तर एक पक्का समज दूर केला. 'यलो सबमरीन' हे मुलांच्या तोंडी बसलेले गमतीचे गाणे मॅकार्टनीचे म्हणून ओळखले जाई. पेटीत लेननने घरी गिटारीवर म्हटलेला त्याचा कच्चा आराखडा निघाला, आणि तो चक्क उदास आहे. पाणबुडी त्यात कोठेच नाही. आहे तो एकाकी माणसाचा सूर. एकाने विषादातून आरंभ करावा आणि दुसऱ्याने त्याला खेळकर ध्रुपद जोडून बालगीत करावे, ही गोष्ट या दोघांच्या भागीदारीविषयी पुष्कळ सांगून जाते. याच पेटीत 'लव्ह यू टू' या गीताचा पहिला टेक आहे. पक्क्या गीतात सतार आहे, आणि अनिल भागवत यांचा तबला आहे. बाहेरच्या वादकाचे नाव वेष्टनावर छापण्याचा मान बीटल्सनी क्वचितच कोणाला दिला. १९६६ च्या त्या वेष्टनावर भागवतांचे नाव आहे. पहिल्या टेकमध्ये मात्र सतार नाही, तबला नाही. हॅरिसन साध्या गिटारीवर गातो आहे, आणि चाल तर अगदी तीच आहे.

हिंदुस्थानाशी असलेला आणखी एक धागा २०१८ च्या पेटीत सापडतो. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईस आला आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने भारतीय वादकांना घेऊन काम केले. शिवकुमार शर्मा यांचे संतूर व आशिष खाँ यांची सरोद त्या संगीतात आहे. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गीताचे सारे वाद्यसंगीत मुद्रित झाले. हॅरिसनचा गळा त्यावर पुढे लंडनमध्ये चढविण्यात आला आणि मार्चमध्ये ते एका छोट्या तबकडीच्या मागल्या बाजूस निघाले. २०१८ च्या पेटीत त्याचा सहावा टेक गळ्यावाचून आहे. येथे मुंबईच्या वादकांचे ते काम कोणाच्या गाण्याची साथ म्हणून न येता स्वतःच्या पायावर उभे राहिलेले ऐकू येते. एरवी पेटीतील पुष्कळ भाग डोळे झाकून गाळता आला असता, पण हा नव्हे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हे चौघे ऋषिकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात गेले, आणि गीतांचा एक मोठा गठ्ठा घेऊन परतले. मे महिन्यात हॅरिसनच्या एशर येथील बंगल्यात बसून त्यांनी त्यांचे घरगुती ध्वनिमुद्रण केले. अशी २७ गीते २०१८ च्या पेटीत आहेत. त्यांपैकी 'चाइल्ड ऑफ नेचर' हे ऋषिकेशच्या आठवणीचे गीत बीटल्सनी कधीच प्रसिद्ध केले नाही. लेननने तीच चाल १९७१ साली नवे शब्द घालून 'जेलस गाय' म्हणून गायिली. कच्च्या वहीतील खोडलेले गणित दुसऱ्याच पानावर सुटलेले आढळावे, तसा हा प्रकार आहे.

येथवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण दिसत नाही. टाकलेले टाकलेले म्हणूनच पुढे येते, आणि पक्के गीत आपल्या जागी अढळ राहते. परंतु या पेट्यांत दुसरेही एक काम चालते, आणि तेथे वादाला तोंड फुटते. ते म्हणजे मूळ गीताचे नवे मिश्रण.

१९६० च्या दशकाच्या मध्यास फितीवर चारच समांतर ट्रॅक असत. ते भरले की चारही एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका ट्रॅकवर उतरवीत आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढची वाद्ये घेत. यामुळे ढोल, गिटार, बास ही सारी एका ट्रॅकवर चिकटून बसत, आणि पुढे त्यांतील एखादे वर-खाली करणे अशक्य होई. २०१७ साली जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी एकत्रीकरणापूर्वीच्या मूळ फिती शोधून त्यांवरून नवे मिश्रण सिद्ध केले. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी तोही मार्ग पुरा पडेना, कारण पुष्कळ वाद्ये प्रथमपासूनच एका ट्रॅकवर वाजविलेली होती. तेव्हा चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या तंत्रज्ञांनी घडविलेली संगणकप्रणाली कामास आली. गिटारीचा ध्वनी कसा असतो, ढोलाचा कसा, मानवी गळ्याचा कसा, हे त्या यंत्राला असंख्य नमुन्यांवरून शिकविलेले असते. सुपात पाखडून धान्य आणि कोंडा वेगळा करावा, तसे ते एकजीव झालेल्या ध्वनीतून एकेक वाद्य वेगळे काढते.

हे मिश्रण कानाला स्वच्छ लागते, यात शंका नाही. पण एक गोष्ट विसरता कामा नये. १९६७ पर्यंत बीटल्सनी जातीने लक्ष घातले ते एककर्णी, म्हणजे मोनो, मिश्रणात. स्टिरिओ मिश्रण बहुधा त्यांच्या गैरहजेरीत झटपट उरकले जाई. म्हणजे नव्याने सुधारले जाते ते मुळातच त्यांनी दुर्लक्षिलेले रूप. तेवढ्यापुरता जाइल्स मार्टिन यांचा उद्योग समर्थनीय वाटतो. मात्र जुने मिश्रण बाजारात उपलब्ध राहिले पाहिजे, ही अट सोडता येणार नाही.

या साऱ्यामागे निखळ कलाप्रेम आहे असे कोणी समजू नये. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेणारा नियम २०१३ साली अमलात आला. परंतु ही वाढीव मुदत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणालाच मिळते. जे पन्नास वर्षे कपाटात पडून राहिले, त्यावरील हक्क संपतो. नियम अमलात येताच, डिसेंबर २०१३ मध्ये, १९६३ सालची ५९ ध्वनिमुद्रणे घाईघाईने विक्रीस आली, आणि गंमत अशी की संचाचे नावच चोरट्या तबकड्यांच्या नावावरून ठेवले होते! मालकाने स्वतःचा माल चोरबाजाराच्या नावाने विकावा, असा प्रसंग विरळाच. भारतात ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षांची आहे.

पक्की वही कोणती, हाच प्रश्न कधी कधी सुटत नाही. १९६९ च्या जानेवारीतील ध्वनिमुद्रणे बीटल्सनी अर्धवट टाकून दिली. पुढे ती फिल स्पेक्टर या अमेरिकन निर्मात्याच्या हाती गेली. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या मॅकार्टनीच्या साध्या गीतावर त्याने तंतुवाद्यांचा ताफा, हार्प आणि वृंदगान चढविले, तेही मॅकार्टनीस न विचारता. मॅकार्टनी इतका दुखावला की भागीदारी मोडण्यासाठी केलेल्या दाव्यात त्याने ही तक्रार मांडली. २००३ साली तो साज उतरवून तीच तबकडी निराळ्या रूपात काढण्यात आली. कलावंताला अखेर न्याय मिळाला, असे म्हणावे. पण तोवर तेहेतीस वर्षे जगाने दुसरेच गीत आपलेसे केले होते, आणि अनेकांना आजही तेच हवे असते.

न्यायाचा हा प्रश्न 'नाऊ अँड देन'च्या बाबतीत फार नाजूक होतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेननने न्यूयॉर्कच्या राहत्या घरी पियानोवर हे गीत म्हणून साध्या कॅसेटवर घेतले. १९९४ साली त्याच्या पत्नी योको ओनो यांनी अशी काही गीते मॅकार्टनीकडे सोपविली. त्यांतील दोन तिघा सहकाऱ्यांनी मिळून पुरी केली. हे तिसरे १९९५ साली हाती घेऊन सोडून द्यावे लागले, कारण पियानोखाली गळा दबला होता आणि वर विजेची घरघर होती. संगणकाने तो गळा मोकळा केला तेव्हा २०२३ च्या नोव्हेंबरात गीत प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. यंत्राने लेननचा नकली आवाज घडविला, असा बोभाटा त्या वेळी झाला; तो खरा नव्हे. आवाज लेननचाच आहे, आणि गिटारीचा काही भाग हॅरिसनने १९९५ मध्ये वाजविलेलाच आहे. खटकते ते वेगळेच. लेननने रचलेला गीताचा एक भाग पक्क्या रूपातून गाळला गेला. जिवंत लेनन असता तर त्याने कदाचित हेच केले असते, कदाचित कडाडून भांडला असता. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'चा सांधा त्याने मागून घेतला होता. हा त्याच्या पश्चात घातलेला आहे. गीत कानाला हळवे करते, पण या दोन सांध्यांतील अंतर त्यामुळे बुजत नाही.

सगळेच कपाटाबाहेर आले आहे, असेही नाही. ५ जानेवारी १९६७ रोजी लंडनमधील एका कार्यक्रमासाठी बीटल्सनी सुमारे चौदा मिनिटांचे एक स्वैर ध्वनिमुद्रण केले. त्याला ना चाल, ना कडवी. आरोळ्या, ढोल, ऑर्गन आणि प्रतिध्वनी. नाव 'कार्निव्हल ऑफ लाइट'. १९९० च्या दशकात मॅकार्टनीने ते 'अँथॉलॉजी'त घेण्याची इच्छा दर्शविली. हॅरिसनने ते नाकारले. हॅरिसन गेला, तरी २०१७ च्या 'सार्जंट पेपर'च्या पेटीत ते आले नाही, आणि २०२५ च्या चौथ्या भागातही नाही.