दिवेलागणीनंतरचे संग्रहालय

संग्रहालय कोणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. संग्रहालय केव्हा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातच दडलेले असते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सकाळी दहाच्या सुमारास उघडते आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होते. राज्यातील बहुतेक संग्रहालयांचे वेळापत्रक थोड्याफार फरकाने असेच आहे. मार्केट यार्डातला हमाल, बांधकामावरचा बिगारी, भोसरीच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार यांचा दिवस नेमका याच वेळात विकला गेलेला असतो. त्यांच्यासाठी दारावर 'प्रवेश नाही' अशी पाटी लावण्याची गरज पडत नाही. ते काम घड्याळ परस्पर करून टाकते.

परदेशात या घड्याळावर एक तोड निघाली आहे. लंडनचे विज्ञान संग्रहालय महिन्यातील एका संध्याकाळी, मुले घरी गेल्यावर, केवळ अठरा वर्षांवरील लोकांसाठी पुन्हा दार उघडते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेत २००९ पासून गुरुवारची रात्र एकवीस वर्षांवरील मंडळींसाठी राखलेली आहे. तेथे व्याख्याने असतात, प्रयोग असतात, संगीत असते आणि मद्यही असते. दिवसा शाळकरी पोरांच्या गर्दीत मोठ्या माणसाला यंत्राची कळ दाबून पाहण्याचा संकोच वाटतो. तो संकोच घालवणे हा या उपक्रमामागील एक विचार. कल्पना वाईट नाही. परंतु अनेक ठिकाणी तिच्यावर तिकीट बसले, पेला आला आणि कार्यालयातून सुटलेल्या सुखवस्तू तरुणांची ती करमणूक झाली. आपल्याकडेही महानगरांतील काही संग्रहालयांच्या आवारात संध्याकाळी मैफली आणि व्याख्याने होतात. तेथे जमणारा श्रोता कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

या उपक्रमाचा उगम पाहिला म्हणजे ही घसरण अधिक डोळ्यांत भरते. लंडनचे साउथ केन्सिंग्टन संग्रहालय १८५७ साली उघडले. तोपर्यंत सूर्यप्रकाश संपला की संग्रहालय संपत असे. आगीच्या भीतीने दिवे लावले जात नसत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात विजेचे दिवे आले तेच १८७९ मध्ये. साउथ केन्सिंग्टनचे प्रमुख हेन्री कोल यांनी मात्र आरंभापासूनच गॅसचे दिवे बसवले आणि आठवड्यातील काही संध्याकाळी दालने खुली ठेवली. दिवसभर राबणाऱ्या कामगाराने दारूच्या गुत्त्याऐवजी बायकामुलांसह येथे यावे, हा त्यांचा हेतू होता. त्यात वरच्या वर्गाचा सुधारकी अहंकार होताच. तरीही एक गोष्ट त्यात मान्य केलेली होती: श्रमिकाला ज्ञान द्यायचे, तर ते त्याच्या मोकळ्या वेळात दिले पाहिजे.

ही गोष्ट शिकायला पुण्याला लंडनकडे पाहण्याचे कारण नव्हते. साउथ केन्सिंग्टनच्या दोन वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या राहत्या घरी शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. मुलांची शाळा दिवसा आणि राबणाऱ्या प्रौढांची रात्री, हा साधा हिशेब त्यांनी मांडला. पुढे जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. वेळ हाही एक हक्क आहे आणि तो मागून, भांडून घ्यावा लागतो, ही जाणीव सत्यशोधकांनी आपल्याला दिलेली आहे. 'रविवारी उघडे असते ना' असे संग्रहालयाचे कैवारी म्हणतील. पण हॉटेलातला वेटर, सोसायटीचा वॉचमन, घरोघर धुणीभांडी करणारी बाई यांच्यापर्यंत लोखंड्यांचा रविवार अद्याप पोचलेला नाही.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. संग्रहालय मी प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीत. माझ्या आईवडिलांनी ते पाहिले नाही, कारण ते शाळेतच गेले नाहीत आणि सहल शाळेला जोडलेली असते. आपल्याकडे संग्रहालय म्हणजे मुलांना दाखवण्याची गोष्ट, असे समीकरण झाले आहे. जो लहानपणी सुटला तो कायमचा सुटला. म्हणून प्रौढांसाठी राखलेली संध्याकाळ या कल्पनेला आपल्याकडे वेगळा अर्थ येतो. लंडनला ती करमणूक असेल. येथे ती राहून गेलेली सहल आहे.

माझा मुद्दा एवढ्यावर थांबत नाही. शहाण्यांनी अडाण्यांना चार वस्तू दाखवाव्यात, अशी ही मागणी नाही. प्रौढ श्रमिकांची गरज त्यांच्याइतकीच संग्रहालयाला आहे. मूल वस्तू पहिल्यांदा पाहते. प्रौढ माणूस ती ओळखतो. माझे मामा हयातभर चामड्याच्या कामात होते. एका संग्रहालयात मी त्यांना घेऊन गेलो. तेथे मोट ठेवलेली होती. खाली चिठ्ठी: 'मोट, चामडे.' मामांनी ती वाकून न्याहाळली. बाभळीच्या सालीत कातडे किती दिवस मुरवले असेल, शिवणीला वादी कशी ओढली आहे, तेल न पाजल्यामुळे आता कुठे तडा जाईल, हे त्यांनी एका दमात सांगितले. मग एका ठिगळावर बोट रोखून म्हणाले, "नवी घ्यायची ऐपत नव्हती बघ मालकाची." चिठ्ठीवर दोन शब्द होते. उरलेली सगळी हकिगत मामांच्या हातात होती आणि ती लिहून घ्यायला तेथे कोणी नव्हते.

ज्याने मोट शिवायची, त्याने विहिरीला मात्र शिवायचे नाही, ही आपली समाजव्यवस्था. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्यामागे हाच इतिहास आहे. कोणत्या चिठ्ठीवर तो लिहिलेला असतो? वस्तू कोणाच्या वाड्यातून आली, कोणी भेट दिली, हे नोंदले जाते. ती घडवणाऱ्याची जात, त्याची मजुरी, त्याचे कसब यांची नोंद राहत नाही. दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि पुढे तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा रोजच्या वापरातील वस्तूंना त्यांनी मान दिला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण त्या वस्तू तांबटांनी, लोहारांनी, सुतारांनी, ओतकाम करणाऱ्यांनी घडवल्या. दिव्यांचा एवढा मोठा संग्रह बाळगणारी वास्तू दिवेलागणीच्या आतच बंद व्हावी आणि ज्यांच्या घरात आजही हे कसब आहे त्यांनी तो पाहू नये, यात काहीतरी चुकते आहे.

अडचणी खऱ्या आहेत. त्या नाकारून चालणार नाही. जुने कापड, चित्रे आणि कागद यांना प्रकाश बाधतो. त्यांच्यासाठी सुमारे पन्नास लक्सची मर्यादा पाळण्याचा प्रघात आहे, म्हणजे उजेड मंदच हवा. तेव्हा ती दालने बंद ठेवून धातू, दगड, लाकूड यांची दालने उघडता येतील. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. रात्री दार उघडे ठेवायचे म्हणजे पहारेकरी आणि झाडूवाला थांबणार. बहुधा तो कंत्राटावरचा असतो, आपल्याच वस्तीतला असतो. एका श्रमिकाची संध्याकाळ फुलवण्यासाठी दुसऱ्याची संध्याकाळ फुकट घेणे हे परिवर्तन नव्हे. म्हणून तास वाढवू नयेत, सरकवावेत: आठवड्यातून एक दिवस दुपारी एकला उघडून रात्री नऊला बंद करावे. तिसरी गोष्ट स्त्रियांची. संध्याकाळ मोकळी असते ती पुरुषाची. बाई त्या वेळी चुलीपाशी असते. घरकाम करणाऱ्या बाईला उसंत मिळते ती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. तिच्यासाठी दुपारची वेळ राखावी आणि त्या वेळेला तिकीट नसावे.

आरंभ करण्यासाठी पुण्यात जागांची वाण नाही. घोले रोडवरचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय एके काळी लॉर्ड रे यांच्या नावाने उद्योगांचे संग्रहालय म्हणून उभे राहिले. उद्योगांचे संग्रहालय आणि जोतीरावांचे नाव, हा योग जुळून आलेलाच आहे. तेथे कारागिरांची संध्याकाळ भरावी, हे त्या नावाशी सुसंगत होईल. सेनापती बापट रस्त्यावरच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या नित्य वापरातील वस्तू जपलेल्या आहेत. ज्या माणसाने लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसून अभ्यास केला, त्याचा चष्मा आणि कपडे पाहायला पाळी संपवून येणाऱ्या कामगाराला वेळ मिळू नये काय?

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि माझ्यासारख्या शिक्षकांनी आता दोन कामे अंगावर घ्यावीत. एक, आठवड्यातील एका संध्याकाळची आणि एका दुपारची लेखी मागणी संग्रहालयांकडे आणि शासनाकडे करावी. दुसरे, येणाऱ्या प्रत्येक प्रौढाशेजारी वही घेऊन एक विद्यार्थी उभा करावा. ही वस्तू कशी बनते, तुम्ही ती कुठे पाहिली, तिला घरी काय म्हणत, मजुरी काय मिळे, हे विचारून लिहून घ्यावे. रात्रीच्या शाळेत प्रौढ माणूस अक्षर शिकत असे. या शाळेत तो सांगेल आणि संग्रहालय शिकेल. हे जाणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वस्तू काचेत टिकतील, सांगणारे टिकणार नाहीत. म्हणून ही मागणी आजच केली पाहिजे.