मागच्या एक्सलचा हिशेब
गिअर बदलून देण्याच्या धंद्यात उतरण्यापूर्वी

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या पोटात काय असते याच्याशी आमचा संबंध एरवी भाड्यापुरताच. पण शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आठ वर्षे गॅरेजमध्ये काम करून आमचा भाचा परत आला आणि म्हणाला, "मामू, मागच्या एक्सलचे काम करणारे दुकान टाकायचे आहे, भांडवलात भागीदार व्हा." आम्ही त्याला सांगितले, आधी काम समजावून दे, मग पैशाचे बोलू. चार संध्याकाळी बसून जे समजले ते आमच्या कारागीर व व्यापारी बांधवांसाठी येथे देत आहोत.

क्राउन-पिनियन म्हणजे काय?

पॉवरलूमवाल्यांना ही गोष्ट लवकर कळेल. लूमवर चेंज व्हील बदलले की इंचातले पीक बदलतात. मोटर तीच, सूत तेच, पण कापडाची चाल वेगळी. गाडीच्या मागच्या एक्सलमध्येही असेच आहे. इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या चाकाला फिरवते ते क्राउन. क्राउनला 41 दात आणि पिनियनला 11 दात असतील, तर 41 भागिले 11, म्हणजे 3.73. पिनियन पावणेचारच्या आसपास फेरे घेते तेव्हा चाकाचा एक फेरा होतो.

अमेरिकेतील फोर्ड मस्टँग ही वेगाची गाडी याचे चांगले उदाहरण आहे. 1987 ते 1993 या काळातील 5 लिटर इंजिनाच्या मस्टँगमध्ये हाताने गिअर टाकायच्या गाडीला कारखान्यातून बहुधा 2.73 चा आकडा येई. पेट्रोल वाचावे आणि हमरस्त्यावर इंजिन शांत चालावे म्हणून तो ठेवलेला. शौकीन लोक तो काढून 3.55, 3.73 किंवा 4.10 बसवतात. 2.73 वरून 3.73 वर गेले की चाकावरचा जोर सुमारे 37 टक्के वाढतो. इंजिनाला हातही न लावता गाडी उसळून सुटते.

पण हिशेबाच्या वहीत जमा असते तसे नावेही असते. ज्या वेगाला इंजिन पूर्वी मिनिटाला 2,000 फेरे घेत होते, त्याच वेगाला आता सुमारे 2,730 घेणार. लांबच्या प्रवासात तेल जास्त, आवाज जास्त, झीज जास्त. शिवाय गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर खोटा बोलू लागतो. गाडी 60 ने जाते आणि काटा 80 च्या पुढे दाखवतो. त्याचे लहान गिअर बदलून तो खरा करून दिल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये. तराजूचा काटा खोटा ठेवणे आणि हा काटा खोटा ठेवणे यांत आम्हांला फरक दिसत नाही.

जोर वाढला, पण धरणार कोण?

गिअर बदलल्यावर वाढलेला जोर बाकीच्या भागांनी सोसला पाहिजे. 1986 पासून व्ही-8 मस्टँगला फोर्डने 8.8 इंची क्राउनचा एक्सल दिला. त्यापूर्वीचा 7.5 इंची होता. 8.8 मधील एक्सल शाफ्टच्या टोकाला 28 खाचा असत. रेसवाले त्या जागी 31 खाचांचा जाड शाफ्ट घालतात. शाफ्टचा व्यास 10 टक्क्यांनी वाढला तर पिळ सोसण्याची ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. थोड्या लोखंडात एवढी बरकत दुसरीकडे क्वचितच मिळेल.

त्याहून भक्कम म्हणून फोर्डचाच 9 इंची एक्सल प्रसिद्ध आहे. तो 1957 साली आला. त्याचा क्राउन-पिनियनचा संपूर्ण गोळा बोल्ट खोलून पुढून बाहेर काढता येतो, टेबलावर बसून नीट जुळवता येतो. मात्र त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापासून बरेच खाली बसते. दातांना बळकटी येते, पण घर्षणही थोडे वाढते. ज्याला रोज बाजारात गाडी न्यायची आहे त्याने शर्यतीची नक्कल करू नये.

तिसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळे फिरू द्यावे लागते. साध्या डिफरन्शियलचा दोष असा की एक चाक घसरले की सगळा जोर तिकडेच वाया जातो. त्यासाठी आतून क्लचच्या चकत्या असलेले डिफरन्शियल बसवतात. त्यात एक्सल ऑईलबरोबर खास मिश्रण घालावे लागते, नाहीतर वळणावर गाडी गुरगुरते आणि गिऱ्हाईक परत येते. काही जण पैसे वाचवण्यासाठी आतले गिअर वेल्डिंगने जाम करतात. अशी गाडी रस्त्यावर टायर खाते आणि ओल्या वळणावर दगा देते. आमच्या दुकानात हे काम होणार नाही, असे आम्ही भाच्याला तेव्हाच सांगितले.

खरा हुन्नर जुळवण्यात

माल बाजारात मिळतो. मजुरी जुळवणीची आहे. पिनियन किती आत बसावे हे पातळ पत्र्यांच्या शिमने ठरते. क्राउन आणि पिनियनच्या दातांत मोकळीक ठेवावी लागते. पुष्कळ एक्सलमध्ये ती इंचाच्या हजारांशात 8 ते 12 असते, पण आकडा त्या त्या कंपनीच्या पुस्तकातलाच घ्यावा. ती डायल गेजने मोजतात, हाताने हलवून नव्हे. मग दातांना रंग लावून फिरवतात. खूण दाताच्या मधोमध उमटली तर ठीक. शेंड्याकडे उमटली तर पिनियन दूर आहे, बुडाकडे उमटली तर फार आत आहे. मग सगळे खोला, शिम बदला, पुन्हा बसवा. पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी एकदा दबली की पुन्हा वापरायची नाही, नवीच घालायची. नवी जोडी बसवल्यावर सुरुवातीला गाडी सावकाश चालवून मध्येमध्ये थंड होऊ द्यावी आणि सुमारे 800 किलोमीटरनंतर ऑईल बदलावे.

एवढे ऐकल्यावर आम्हांला आमचाच जुना तोटा आठवला. जुलै 2011 ची गोष्ट. रमजान तोंडावर आला होता. ईदचा माल भिवंडीहून नाशिक-मालेगावच्या दुकानदारांकडे आमच्या टेंपोतून जात होता. मागून रडल्यासारखा आवाज येऊ लागला. एका मिस्त्रीने जुना क्राउन तसाच ठेवून दुसऱ्या गाडीचे पिनियन बसवले आणि पैसे पूर्ण घेतले. आवाज थांबला नाही. "चालेल शेठ" म्हणाला. पुढच्याच खेपेला भर पावसात कसारा घाटात दात तुटले. टेंपो दोन दिवस तिथेच. गाठी भिजल्या, दोन दुकानदारांनी ऑर्डर रद्द केली, आणि त्यांतला एक आमच्याकडे पुन्हा आला नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून तयार होतात, जोडी मोडली की दात जुळत नाहीत, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या मिस्त्रीला ठाऊक असणारच.

कायद्याची बाजू

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीतील फेरबदलाविषयी आहे. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत. म्हणून गिऱ्हाईकाने वेगळ्या आकड्याची जोडी मागितली तर आधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावे. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर मिस्त्रीचेही नाव बदनाम होते. आमच्या मते आपल्या भागात रोजचे काम शौकिनांचे नसून टेंपो, ट्रक आणि जीप यांचे मूळ आकड्याचे क्राउन-पिनियन नीट बसवण्याचे आहे. गिऱ्हाईक तिथे आहे, आणि त्याची गरज खरी आहे.

आम्ही काय ठरवले

नफा-तोट्यात दोघांचा वाटा, व्याज नाही, अशा शर्तीवर आम्ही भाच्याबरोबर भागीदारी केली आहे. आमच्या तीन अटी आहेत. पहिली, पैसा आधी डायल गेज, टॉर्क पाना, प्रेस आणि मायक्रोमीटरवर जाईल, पाटी आणि रंगरंगोटी नंतर. दुसरी, प्रत्येक कामाचा कागद होईल. त्यावर दातांची मोकळीक, शिमची जाडी आणि जोडीचा नंबर लिहून एक प्रत गिऱ्हाईकाला द्यायची. तिसरी, "चालेल शेठ" हे शब्द दुकानात कोणी उच्चारायचे नाहीत.

भाचा पहिल्या दोन अटींना लगेच हो म्हणाला. तिसरीला हसला. आम्ही हसलो नाही. घाटात अडकलेला माल कोणाचा तरी ईदचा माल असतो. इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात दुकान उघडेल.