घरातला स्टोरेज सर्व्हर जुना झालाय? सुधारायचा की बदलायचा, असं ठरवा

जून २०२१ मध्ये जगभरातल्या अनेक लोकांनी घरातलं 'माय बुक लाइव्ह' हे यंत्र उघडून पाहिलं, तर आतली फोल्डर रिकामी होती. वर्षानुवर्षं साठवलेले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं गायब! डिस्क बिघडली नव्हती, वीजही गेली नव्हती. 'वेस्टर्न डिजिटल' कंपनीच्या या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी होत्या. त्यांचा फायदा घेऊन कुणीतरी इंटरनेटवरून 'फॅक्टरी रिसेट'चा आदेश दिला आणि सगळं पुसलं गेलं.

या यंत्राला शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५ मध्ये. त्यानंतरही ते सुरळीत चालू होतं, म्हणून बहुतेकांना ते बदलावंसं वाटलं नाही.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हा नियम पंख्याला, मिक्सरला ठीक आहे. घरच्या स्टोरेज सर्व्हरला तो कधी लावायचा आणि कधी नाही, ते समजून घेऊ.

हे यंत्र म्हणजे नेमकं काय?

याला 'नॅस' म्हणतात. सोप्या भाषेत, राउटरला जोडलेली एक पेटी, जिच्यात एक किंवा जास्त हार्ड डिस्क असतात. घरातले सगळे मोबाइल आणि कॉम्प्युटर वाय-फायवरून तिच्यात फायली ठेवू शकतात.

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच मोफत उरले. महिन्याला पैसे भरण्यापेक्षा एकदाच पेटी घेतलेली बरी, असा विचार करणाऱ्यांसाठी नॅस हा पर्याय आहे. तो फक्त मोठ्या शहरांपुरता नाही. परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर असो, नाहीतर मुलं शिकायला पुण्याला गेलेलं कुटुंब असो, टीबीच्या टीबी डेटा आता घरोघरी जमतो.

समजा, सेलूतल्या अशाच एका घरात सात-आठ वर्षांपूर्वीची दोन डिस्कची पेटी आहे. जागा संपत आलीय, फायली हळू उघडतात. नवीन घ्यायची का? त्याआधी चार प्रश्न विचारा.

१. कंपनीकडून सुरक्षा अपडेट येतात का?

हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून पाहा. अपडेट बंद झाले असतील, तर रॅम वाढवून किंवा नवी डिस्क घालून उपयोग नाही. पेटी बदलण्याची तयारी करा आणि तोवर तिला इंटरनेटपासून तोडा. म्हणजे 'बाहेरून ॲक्सेस'ची सोय आणि राउटरमधलं 'पोर्ट फॉरवर्डिंग' बंद करा.

अपडेट येत असले तरी ते टाकावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला थेट जोडलेल्या 'क्यूनॅप' कंपनीच्या पेट्यांवर हल्ला केला. फायली कुलूपबंद झाल्या आणि सोडवण्यासाठी ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली गेली.

२. म्हातारं कोण झालंय, पेटी की डिस्क?

या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डिस्क सतत फिरते, म्हणून झिजते. पेटीच्या सेटिंगमध्ये डिस्कचा 'स्मार्ट' रिपोर्ट मिळतो. त्यात 'रीअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर डिस्क धोक्याची सूचना देतेय. अशा वेळी पेटी ठीक असेल, तर फक्त डिस्क बदला.

सेलूसारख्या ठिकाणी दोन गोष्टी डिस्कचं आयुष्य कमी करतात. एक म्हणजे उन्हाळा. परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि बंद कपाटातली पेटी त्याहून तापते. दुसरी म्हणजे अचानक जाणारी वीज. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फायली खराब होऊ शकतात. नवी पेटी घेण्याआधी छोटा यूपीएस घ्या, पेटी हवेशीर जागी ठेवा आणि पंख्यातली धूळ काढा. बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

३. हळू नक्की काय आहे?

अनेकदा दोष पेटीचा नसतोच. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. त्यातून २ टीबी डेटा जायला सुमारे ४४ तास लागतात. हाच डेटा गिगाबिट पोर्टमधून साधारण ५ तासांत जातो. पेटी गिगाबिटची आणि राउटर १०० चा असेल, तर नवी महागडी पेटीसुद्धा तितकीच रांगेल. राउटर किंवा एक गिगाबिट स्विच बदलणं कितीतरी स्वस्त पडतं.

वायर लावून फायली झटपट उघडत असतील आणि वाय-फायवर रखडत असतील, तर दुखणं वाय-फायचं आहे. वायरवरही पेटीचं स्क्रीन उघडायला वेळ लागत असेल, तर मेमरी किंवा प्रोसेसर कमी पडतोय. काही मॉडेलमध्ये रॅम वाढवता येते, काहींत ती बोर्डवरच चिकटवलेली असते. आधी तपासा.

४. दुसरी प्रत कुठे आहे?

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवण्याच्या पद्धतीला 'रेड १' म्हणतात. एक डिस्क गेली तर दुसरी काम चालवते. पण हा बॅकअप नव्हे. चुकून फोटो डिलीट झाले तर दोन्हीकडून जातात. व्हायरस आला, पेटी चोरीला गेली, घरात पाणी शिरलं, तरी तेच.

डिजिटल फोटो सांभाळण्याबद्दल लिहिताना पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने '३-२-१' हा नियम मांडला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवरच हवी असं नाही. ४० एमबीपीएस अपलोड वेगाने २ टीबी चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतील. त्यापेक्षा एका पोर्टेबल डिस्कवर प्रत काढून परभणीला मावशीकडे ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी ताजी करा. घरी मात्र ती पेटीला कायम जोडून ठेवू नका.

ही प्रत झाल्याशिवाय कोणतीही डिस्क बदलू नका. रेड १ मध्ये नवी डिस्क घातली की जुनी डिस्क तासन् तास वाचली जाते. याच ताणात ती गेली तर सगळंच गेलं.

मग निर्णय काय?

• अपडेट चालू, डिस्क ठीक, फक्त जागा कमी: मोठ्या डिस्क घाला. रेड १ मध्ये दोन्ही बदलल्याशिवाय जागा वाढत नाही. पेटीला किती मोठी डिस्क चालते ते पाहा आणि 'सीएमआर' प्रकारची घ्या. 'एसएमआर' डिस्क सलग मोठ्या लिखाणात मंदावते.

• अपडेट बंद: पेटी बदला. डिस्क तरुण असतील तर नव्या पेटीतही चालतील, पण कंपनी वेगळी असेल तर त्या बहुधा फॉरमॅट कराव्या लागतात.

• पेटी बंद पडली, डिस्क ठीक: त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलमध्ये जुन्या डिस्क जशाच्या तशा चालतात का, ते विक्रेत्याला विचारण्याऐवजी कंपनीच्या यादीत पाहा. 'सिनॉलॉजी'ने २०२५ मध्ये काही नव्या मॉडेलना स्वतःच्याच डिस्कची सक्ती केली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली.

• घरात जुना पीसी पडून आहे: 'ट्रूनॅस' किंवा 'ओपनमीडियाव्हॉल्ट' ही मोफत सॉफ्टवेअर टाकून त्याचाच सर्व्हर होतो. फक्त विजेचा हिशोब करा. २० वॉटची पेटी वर्षभर चालली तर साधारण १७५ युनिट लागतात, ६० वॉटच्या पीसीला ५२५. युनिटला १० रुपये धरले, तर वर्षाला साडेतीन हजारांचा फरक. पाच वर्षं चालवायचा असेल, तर 'फुकटचा' पीसी साडेसतरा हजारांनी महाग पडतो.

जुनी पेटी देण्याआधी

नवी पेटी आली की लगेच जुनी मोकळी करू नका. महिनाभर दोन्ही ठेवा आणि नव्या पेटीतून काही जुने फोटो, एखादा लांब व्हिडिओ खरोखर उघडून बघा. मग जुन्या डिस्क पूर्ण पुसा. नुसतं डिलीट केलेला डेटा परत काढता येतो आणि त्यात आधार, पॅन, बँकेची कागदपत्रंही असतात. त्यानंतरच पेटी भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

आज रात्री मात्र एकच काम करा. पेटीचा मॉडेल नंबर शोधा आणि तिला शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा.