पक्षाविना तीन विजय, पक्षासह तीन पराभव
इंदापूरच्या हर्षवर्धन पाटील यांची निवडणूक-वाटचाल

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला इंदापूर तालुका म्हणजे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील टोक. वालचंद हिराचंद यांनी याच तालुक्यात वालचंदनगर वसविले आणि उसाला कारखाना मिळवून दिला. आजही येथील बाजारपेठेचे गणित उसावर आणि पाण्यावरच चालते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला आवर्तन वेळेवर पोहोचले, तर शेतकऱ्याच्या हाती उसाचे बिल येते आणि मग दुकानातील उधारी फिटते. म्हणून आपला आमदार सत्तेत आहे की नाही, हा प्रश्न व्यापाऱ्याच्याही जिव्हाळ्याचा असतो.

बावड्याचे हर्षवर्धन पाटील हे शंकरराव पाटील यांचे पुतणे. शंकरराव १९८० आणि १९८९ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेले होते. इंदापूर विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभा मतदारसंघातच मोडतो. त्यामुळे बारामतीच्या राजकारणाशी सलोखा किंवा सामना, यांपैकी एक इंदापूरच्या नेत्याच्या वाट्याला येतोच.

अपक्षाची किंमत

१९९५ मध्ये हर्षवर्धन पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. त्या वर्षी राज्यात ४५ अपक्ष विजयी झाले होते. २८८ जागांच्या सभागृहात बहुमतासाठी १४५ आमदार हवे होते; शिवसेनेकडे ७३ आणि भाजपकडे ६५, म्हणजे एकूण १३८ होते. अपक्षांवाचून सरकार बनणे शक्य नव्हते. पाटील राज्यमंत्री झाले.

१९९९ मध्ये ते पुन्हा अपक्षच निवडून आले. काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ मिळून १३३ होत होते, पुन्हा तूट. २००४ मध्ये ही बेरीज १४० वर थांबली. सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले, परंतु पाटील मंत्रिमंडळात राहिले. मतदारसंघातील स्वतःची पत आणि सभागृहातील टंचाई, या दोहोंच्या बळावर त्यांनी एकट्याच्या मताचे मोल वाढविले होते.

२००९ मध्ये ते काँग्रेसच्या चिन्हावर उभे राहिले. आघाडीत जागा काँग्रेसकडे गेल्याने दत्तात्रय भरणे अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. पाटील सुमारे आठ हजार मतांनी जिंकले आणि सहकार व संसदीय कार्य मंत्री झाले. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याचा सहकार कायदा २०१३ मध्ये बदलला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. संचालकांची संख्या २१ वर मर्यादित झाली आणि सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले.

विद्यमान आमदाराची जागा

२०१४ मध्ये आघाडी तुटली. आता भरणे यांच्यामागे राष्ट्रवादीचे चिन्ह होते. पाटील सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. या एका पराभवाची किंमत त्यांना पुढे दोनदा मोजावी लागली. जागावाटपात ज्या पक्षाचा आमदार, त्या पक्षाची जागा असा रिवाज असतो. २०१९ मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या तेव्हा इंदापूर साहजिकच राष्ट्रवादीकडे राहिले. पाटील सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले आणि अवघ्या ३,११० मतांनी हरले.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. भरणे अजित पवारांसोबत गेले आणि भाजपचे मित्र झाले. ज्यांच्याशी लढण्यासाठी पाटलांनी पक्ष बदलला, तेच आता त्यांच्या युतीचे आमदार होते आणि तोच रिवाज पुन्हा आडवा आला. मधल्या काळात २०२४ ची लोकसभा निवडणूक झाली. बारामतीतून सुप्रिया सुळे सुमारे १ लाख ५८ हजार मतांनी विजयी झाल्या आणि इंदापूरनेही त्यांनाच आघाडी दिली. ऑक्टोबरमध्ये पाटील शरद पवारांच्या पक्षात दाखल झाले. मात्र नोव्हेंबरमध्ये भरणे सुमारे १९ हजार मतांनी विजयी झाले. बंडखोरी करून अपक्ष उभे राहिलेले प्रवीण माने यांना सुमारे ३८ हजार मते पडली, म्हणजे विजयाच्या फरकाच्या जवळपास दुप्पट. अपक्ष म्हणून ज्यांची कारकीर्द उभी राहिली, त्यांच्या वाटेत त्या वेळी एक अपक्षच होता.

पत कोणाच्या नावावर?

पेढीवर नवा भागीदार आला की जुने गिऱ्हाईक आपोआप त्याचे होत नाही; ते काही काळ पारखते. मतदारही तसाच पारखतो. अपक्ष असताना पाटलांची पत केवळ त्यांच्या नावावर होती. पुढे दहा वर्षांत काँग्रेस, भाजप आणि राष्ट्रवादी अशा तीन पक्षांची चिन्हे त्यांनी मतदारांपुढे नेली. प्रत्येक वेळी मागच्या पक्षातील काही माणसे मागे राहिली आणि नव्या पक्षातील काहींना आपली जागा गेल्यासारखे वाटले. तरीही २०१९ मध्ये विजय ३,११० मतांवर येऊन थांबला होता, हेही विसरता येत नाही. एवढी मते ज्याच्या नावावर पडतात, त्याची पत संपली असे म्हणता येणार नाही.

पाटील २०२४ मध्ये राष्ट्रीय सहकारी साखर कारखाना महासंघाचे अध्यक्ष झाले. भरणे २०२५ पासून राज्याचे कृषिमंत्री आहेत. एकाकडे साखरेचा धागा, दुसऱ्याकडे शेतीचा. इंदापूरच्या बाजारपेठेला मात्र दोघांकडूनही हवे आहे ते एकच : कालव्याच्या टोकापर्यंत वेळेवर पोहोचणारे पाणी.