परत फिरण्याची वेळ घरीच ठरवा

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, ॲरिस्टॉटल सोडून ट्रेकिंगकडे कधी वळलात?" सोडलेला नाही. आज त्याला घेऊनच वर चढायचं आहे.

उदाहरणाला हरिश्चंद्रगड घेतो. तो माझ्या पायाखालचा आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. म्हणजे जंगल, जुनं देऊळ, खडा कडा आणि पायथ्याची नांदती गावं, सगळं एकाच ठिकाणी.

ॲरिस्टॉटलला एक प्रश्न छळत होता. योग्य काय ते माणसाला कळतं, तरी ऐन वेळी तो उलटंच का करतो? ग्रीकमध्ये याला 'अक्रासिया' म्हणतात. आपण मनाचा दुबळेपणा म्हणू. डोंगरात हा दुबळेपणा दुपारी दोनच्या सुमारास येतो. कोकणकड्यावर ढग दाटलेले असतात आणि कुणीतरी म्हणतं, "अजून दहा मिनिटं थांबू, मोकळं होईल."

मीही थांबलो होतो. 1983 चा सप्टेंबर. मी नवा प्राध्यापक, बरोबर अकरा विद्यार्थी. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे वर गेलो. एक वाजता निघायचं ठरलं होतं, निघालो साडेतीनला. पठारावर धुकं उतरलं. तिथे माणसांच्या वाटांइतक्याच गुरांच्याही वाटा आहेत आणि धुक्यात दोन्ही सारख्याच दिसतात. तीनदा चुकलो. खिंडीच्या वरच्या कातळाशी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. एक मुलगा आधी कुडकुडत होता, मग त्याचं कुडकुडणं थांबलं आणि तो असंबद्ध बोलू लागला. मला वाटलं, चला, सावरला! पावसाने भिजलेले सुती कपडे आणि वर वारा, यात शरीर हार मानू लागलं की कुडकुडणं थांबतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

खालून कंदील दिसला. सकाळी ज्या घरी चहा घेतला, तिथल्या आजींनी आमची डोकी मोजली होती. दिवस मावळला तरी बारा माणसं परतली नाहीत म्हणून त्यांनी मुलाला आणि पुतण्याला पाठवलं. त्यांनी त्या मुलाला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणलं. मी पैसे पुढे केले. थोरला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. पुढच्या टायमाला उजेडी या."

त्या वाक्याने माझा एक गैरसमज गेला. सुरक्षितता हा माझा खाजगी प्रश्न, आणि आदर म्हणजे देवळाबाहेर चप्पल काढणं, अशी मी वाटणी केली होती. पण माझा बेत फसला की त्याची किंमत दुसरा कुणी आपली रात्र देऊन मोजतो. आजही सह्याद्रीत शोधायला जातात ते बहुधा गावकरी आणि बिनपगारी स्वयंसेवक. म्हणून वेळ पाळणं हाच पहिला आदर.

मग दुबळ्या मनाचं करायचं काय? होमरच्या काव्यातला ओडिसियस सायरन्सचं गाणं ऐकण्याआधी स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. सोडा म्हणालो तरी सोडू नका, असं खलाशांना बजावतो. आपली डोलकाठी म्हणजे परत फिरण्याची वेळ. ती घरी, पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवायची.

हिशेब उलटा मांडा. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. चढायला साधारण तीन तास. पावसाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो खरा, पण ढगांमुळे झाडीत सहालाच अंधारतं. म्हणून साडेपाचला पायथा. उतरायला सर्वांत हळू चालणाऱ्याचे तीन तास धरा. हळू चालणाऱ्याचे म्हणतोय, पुढाऱ्याचे नाही! म्हणजे अडीचला देवळापासून निघायचं, कडा दिसो न दिसो. आणि दीडपर्यंत देवळाशी पोचलो नाही, तर जिथे असू तिथून मागे. हे सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून घ्या. मनातल्या मनात ठरवलेलं मोडायला सोपं असतं. नळीची वाट मात्र या हिशेबात बसत नाही. ती अनुभवी माणसांची, तीही कोरड्या दिवसांत. त्यावर आज अधिक बोलत नाही.

सामानाची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी दोनच गोष्टी सांगतो: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा कपड्यांचा जोड, आणि शिट्टी. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. हा मदतीचा संकेत जगभर चालतो. मोबाईलला रेंज असेलच असं धरू नका.

आता इतरांच्या घराविषयी. केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्यात उभं शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तिथे लोक पूजेला येतात. तो पोहण्याचा तलाव नाही. टाक्यांचं पाणी पिण्याचं, त्यात साबण नको. कड्यांना आग्या मोहोळ असतं, तिथे धूर आणि आरडाओरडा नको. मे अखेर-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपण त्यावर बॅटरी मारली की दोघांची चुकामूक. गवतात शिरलो तर जमिनीवरच्या माद्या आणि अंडी पायाखाली. मुक्कामाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी वनविभागाकडे विचारा.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, "वाटाड्या घेणं म्हणजे कमीपणा नाही का?" ताई, धुक्यात गुराची वाट कोणती हे ज्याला कळतं, तो तिथला प्राध्यापक. त्याचं मानधन आधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि तो म्हणाला "आज वर नको," तर खालीच पिठलं-भाकरी खाऊन या.

मी अजूनही चढायच्या आधी पायथ्याच्या एका घरात चिठ्ठी ठेवतो: माणसं किती, वाट कोणती, परतणार कधी. उतरल्यावर ती परत मागून घेतो. दोन वर्षांपूर्वी एकदा विसरलो आणि गाडीत बसून निघालो. दहा किलोमीटर गेल्यावर आठवलं, गाडी वळवली. घरातला मुलगा बॅटरी हातात घेऊन दारातच उभा होता, पायात बूट घालून.