मोर, साप आणि कर्णाची बेरीज

नऊ हात उंच खांब, त्यावर पाळीव मोर आणि खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे 27 हात अंतरावरून साप बिळाकडे निघालेला मोराला दिसला. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर साप पकडला गेला?

भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्यातल्या ‘लीलावती’ या भागात हे उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकात काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू देतात आणि तिसरी विचारतात. वर्ग करा, बेरीज किंवा वजाबाकी करा, वर्गमूळ काढा, झालं. इथे मात्र खांबाचे 9 हात एवढी एकच बाजू हातात आहे. कर्ण म्हणजे मोराची झेप, ती माहीत नाही. बीळ ते पकडण्याची जागा, ही जमिनीवरची बाजूही माहीत नाही.

माहीत आहे ती या दोघांची बेरीज. साप जेवढा सरकला तेवढीच झेप, आणि उरलेली वाट म्हणजे जमिनीवरची बाजू. दोन्ही मिळून 27. आता पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे कर्णाच्या वर्गातून त्या बाजूचा वर्ग वजा केला की खांबाचा वर्ग, म्हणजे 81 उरतो. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक, हे सूत्र आपण सगळ्यांनीच कधीतरी घोकलेलं असतं. बेरीज 27 आहे, तेव्हा फरक 81 भागिले 27, म्हणजे 3. दोन संख्यांची बेरीज 27 आणि फरक 3, तर त्या 15 आणि 12. साप बिळापासून 12 हातांवर सापडला. वर्गमूळ काढावंच लागलं नाही! (साप कुठवर पोचेल हे आधीच ओळखून झेप घेणाऱ्या मोराचं गणितही बरंच म्हणायचं.)

ही युक्ती एकदा बसली की ‘लीलावती’तली शेजारची उदाहरणं भराभर सुटतात. 32 हातांचा वेळू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर टेकला. 16चा वर्ग 256, त्याला 32ने भागून 8. मोडलेला तुकडा 20 हातांचा, उभा राहिलेला भाग 12 हातांचा.

कमळाच्या उदाहरणात हीच गोष्ट उलटी होते, आणि मला ते मोरापेक्षाही देखणं वाटतं. तळ्यात कळीचं टोक पाण्याच्या वर वीतभर, म्हणजे अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलत कलत दोन हातांवर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? कललेला देठ हा कर्ण आणि खोली ही उभी बाजू. त्यांच्यातला फरक अर्धा हात. इथे बेरीज शोधायची: 4 भागिले अर्धा, म्हणजे 8. त्यातून अर्धा वजा करून निम्मे केले की खोली पावणेचार हात. देठ वाकत नाही, तळाशी घट्ट रुतून सरळच कलतो, एवढं मात्र मान्य करावं लागतं.

 

आता क्षेत्रफळ. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या गुणाकाराचं निम्मं, हे सोपं. पण कर्ण आणि क्षेत्रफळ दिलं आणि बाजू विचारल्या तर? समजा कर्ण 25, क्षेत्रफळ 150. असे चार त्रिकोण घ्या आणि कर्ण बाहेर येतील असे चौरसाच्या चार कडांना लावा. मधे एक छोटा चौरस रिकामा राहतो, आणि त्याची बाजू म्हणजे दोन बाजूंतला फरक. पायथागोरसच्या प्रमेयाची उपपत्ती भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त याच मांडणीतून दिली आहे. मोठा चौरस 625, चार त्रिकोण 600, मधे उरले 25. म्हणजे फरक 5. 625मध्ये 600 मिळवले की 1225, त्याचं वर्गमूळ 35, ही बाजूंची बेरीज. बाजू 20 आणि 15.

हे मधलं रिकामं चौकोनी भोक फार उपयोगी आहे. कोणी विचारलं, काटकोन त्रिकोणाचा कर्ण 10, कर्णावर टाकलेला लंब 6, तर क्षेत्रफळ किती? पाया गुणिले उंचीचं निम्मं करून बहुतेक जण 30 म्हणून मोकळे होतात. मोठा चौरस 100, चार त्रिकोणांचे 120. वीस चौरस एकक जागा आणायची कुठून? असा काटकोन त्रिकोण नाहीच. कर्ण 10 असेल तर तो लंब फार तर 5 होतो आणि क्षेत्रफळ फार तर 25, तेही दोन्ही बाजू सारख्या असतील आणि मधलं भोक पुरतं मिटलं असेल तेव्हाच.