वायरमनचा सिरीज बोर्ड

दुरुस्तीला आलेला मिक्सर जाणता वायरमन थेट प्लगात घालत नाही. आधी तो सिरीज बोर्डावर लावतो. एक लाकडी पाटी, तिच्यावर होल्डरमध्ये 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि शेजारी सॉकेट. वीज बल्बातून जाते आणि सॉकेटला लावलेल्या यंत्रातूनही. दुसरी वाटच नाही. ही एकसर जोडणी.

यंत्रात शॉर्ट असेल, तर सगळे 230 व्होल्ट बल्बाच्या वाट्याला येतात आणि तो लख्ख पेटतो. तरीही प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो, कारण बल्बाचा रोध आडवा येतो, फ्यूज शाबूत. आत वायर तुटली असेल, तर बल्ब पेटतच नाही. इस्त्री मात्र फसवी. तिचा रोध इतका कमी, की ती धडधाकट असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो.

याच जोडणीत 40 आणि 100 वॉटचे बल्ब लावले, तर जास्त कोण उजळेल? 40 चा! त्याचा रोध मोठा, म्हणून व्होल्टेजचा मोठा वाटा त्याचा.

घरात उपकरणे समांतर जोडलेली असतात. प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट. एक बंद पडले तरी बाकीची चालू. मात्र इथे प्रवाहांची बेरीज होते. हजार वॉटची इस्त्री आणि दीड हजार वॉटची किटली मिळून सुमारे 11 अँपिअर ओढतात, आणि घरोघरचे एक्स्टेन्शन बोर्ड बहुधा 6 अँपिअरचेच असतात.